जेवणाच्या सुट्टीतला निरोप

गुंतवणूक बँकेत इंटर्नशिपला आलेल्या विद्यार्थिनीला पहिलं काम मिळालं ते जुने, बिनकामाचे प्रोग्राम शोधून काढून टाकायचं. एक प्रोग्राम तर रोज जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या स्क्रीनवर एवढाच निरोप पाठवायचा: “काम कुठे पळून जात नाही, आधी जेवा.” हसत हसत तिने तो उडवला. दुसऱ्या दिवशी सगळे जेवून परतले तरी साहेब स्क्रीनकडे टक लावून बसलेले, समोर डबा बंदच. “त्यांना बरं नाही का?” तिने शेजारच्या ताईला विचारलं. “आज निरोप आला नाही ना. त्यांच्या मिसेसनी लिहिलेला प्रोग्राम तो. इथेच कामाला होत्या, गेल्या वर्षी वारल्या.” तिने तो गुपचूप परत बसवला. तिसऱ्या दिवशी निरोप झळकला. साहेबांनी डबा उघडला आणि हळूच स्क्रीनला विचारलं, “काल कुठे होतीस गं?”