ओहोटीची लढाई

जर्मनीतल्या आखन शहरातल्या त्या आशिया शॉपच्या मागच्या खोलीत फळीवर एका सेनापतीची तसबीर होती. तिच्यापुढे उकडलेला अख्खा कोंबडा, दारूचा पेला आणि उदबत्त्या. यमुनाबाई कोथिंबीर विसरून तिथेच थबकल्या. कोंबडा मागणारा देव या मुलखात पहिल्यांदाच भेटला होता.

"कोण गं हा बाबा?" त्यांनी नातीला विचारलं.

नऊ वर्षांच्या ईप्सिताने ते दुकानदाराच्या मुलाला, तुआनला, जर्मनमध्ये विचारलं. त्याने आपल्या आजीला व्हिएतनामीत. लान आजी ओले हात झटकत पुढे आली आणि बोलत सुटली. हातांनी नदी केली, भरती आणली, गलबतं आणली, बुडवली. ते सगळं तुआनच्या तोंडून दोन वाक्यांत बाहेर पडलं आणि ईप्सिताच्या तोंडून तीन शब्दांत. तेही जर्मन. "गेनेराल. मोंगोलन. गेवॉनन."

"जिंकला ते दिसतंय," यमुनाबाई म्हणाल्या. टीव्हीवरच्या फुटबॉलमुळे तेवढा शब्द त्यांना पाठ झाला होता. "हरलेल्यापुढे कोंबडा कोण ठेवतो? कसा जिंकला ते सांग. मराठीत."

ईप्सिताने खांदे उडवले. तीन महिने हेच चाललं होतं. पोरीला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र जर्मन. शनिवारी त्यांचं परतीचं विमान होतं. त्याआधी एकदा तरी तिच्या तोंडून सबंध मराठी वाक्य ऐकायचं, म्हणून यमुनाबाई इरेला पेटल्या होत्या.

"जीभ भाड्याने दिलीस का कुणाला?"

तिकडे लान आजीही नातवावर बरसत होती. शब्द कळत नव्हते, पण सूर घरचाच होता. दोघींनी एकदम थांबून एकमेकींकडे बघितलं.

मग लान आजीने पोरांचा नाद सोडला. टबात फुलं खोचायचा हिरवा स्पंज ठेवला आणि त्यात कबाबच्या काड्या रोवल्या, टोकं वर. टोकं बुडेपर्यंत पाणी ओतलं. भुईमुगाचं टरफल काड्यांवरून अलगद पळवलं आणि त्यामागे कागदी कप सोडला. मग मगाने पाणी काढायला लागली.

यमुनाबाईंचा जन्म हर्णैच्या खाडीवर गेला होता. "खुंट गं, खुंट," त्या नातीचा खांदा धरून म्हणाल्या. "भरतीला दिसत नाहीत. धाकटी होडी पळते, थोरली मागे लागते, आणि ओहोटी लागली की बसली खुंटांवर."

लान आजीने कप अंगठ्याने दाबला. काड्या आरपार गेल्या. पोरं टबावर वाकली होती. एक आजी मराठीत सांगत होती, दुसरी व्हिएतनामीत, आणि दोघी एकाच जागी श्वास घेत होत्या.

तेवढ्यात लेमनग्रासची जुडी घेऊन एक जर्मन बाई आत डोकावली. हे काय चाललंय, असं तिने विचारलं असावं. कारण ईप्सिताचं तोंड उघडलं ते मिटेना. टरफलासारखी ती मागे मागे पळाली, गालात हसली, हात खाली नेत नदीचं पाणी उतरवलं. तुआन कप होऊन तिच्या मागे लागला आणि फरशीवर अडकून पडला. एक खुंट चुकला नाही. बाईने टाळ्या वाजवल्या. ही सगळी लढाई जर्मनमध्ये झाली. दोन्ही आज्या टबाशी उभ्या राहून बघत होत्या.

बाई गेली. यमुनाबाई म्हणाल्या, "आता मला सांग."

ईप्सिताला खरंच नवल वाटलं. ती जर्मनमध्येच म्हणाली, "तुला तर माहीतच आहे." घरात रोज ऐकून ते वाक्यही यमुनाबाईंना कळायला लागलं होतं.

त्यांनी स्पंजातली एक काडी उपटली आणि पदराला पुसली.

"मला माहीत आहे ते शनिवारी माझ्याबरोबर विमानात बसून जाणार, बये."