माव्याचा वाफा

रत्ना थोरल्या दिराच्या गव्हातली माव्यानं चिकट झालेली पानं खुडत होती आणि बांध ओलांडून स्वतःच्या गव्हावर झटकत होती.

ते दीर, दादाभाऊ, पाठीवर पंप घेऊन फवारायला आले, तर त्यांना हे दिसलं. त्यांचं डोकंच फिरलं. लोणीच्या शिवारात यंदा मावा लई पडला होता. माणसं फवारून फवारून टेकीला आली होती आणि ही भावजय हातानं कीड आणून पिकात सोडत होती. तुझा गहू गेला तर जाऊ दे, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचा का घालवतेस, असं काय काय ते बोलत सुटले. ती वर बघेना. तेव्हा त्यांनी पंपाची नळी हातात धरली आणि तिच्या वाफ्यात शिरले. रत्ना आडवी उभी राहिली. सरक म्हटलं, तरी सरकली नाही.

"आज भरत असता, तर तुझी ही थेरं चालली नसती," दादाभाऊ म्हणाले.

भरत त्यांचा धाकटा भाऊ, रत्नाचा नवरा. तीन वर्षांपूर्वी याच वावरात गव्हावर औषध मारताना त्याला भोवळ आली. दवाखाना गाठेपर्यंत तो संपला होता. त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नसे.

रत्नाच्या मुठीतली पानं चुरगळली.

"वारं सुटलं व्हतं, तरी तुमीच त्यांना फवारायला धाडलं, दादा. ते पडले, तिथून पुढचा पट्टा तसाच राहिला. तुमी कुनी परत तिकडं फिरकला न्हाई. मी गेले. माव्यानं पट्टा वाळून गेला व्हता, पर सात रोपं हिरवी व्हती. त्यांच्या ओंब्या मी राखल्या. दोन वर्सं वाढवल्या. हे त्यांचंच बी. मावा ह्याला खरंच खात न्हाई का, ते मला बघायचंय. आपल्या घरात परत कुनाच्या पाठीला पंप नगं."

दादाभाऊंचा राग मावेना. पट्टे ओढून त्यांनी पंप बांधावर आदळला. तरातरा आपल्या गव्हात गेले, दोन्ही हातांनी माव्याची पानं ओरबाडली आणि परत आले.

"ह्या कडंला लई कमी सोडलाय तू," ते तिच्यावर खेकसले आणि तिच्या गव्हावर पानं झटकू लागले.