सहावी फेरी

“तुम्ही आलात की दरवेळी प्रिंट देतो ताई, आत्ताही दिली. प्रिंटर हलतच नाही. उद्या या,” शाळेचे क्लार्क म्हणाले.

मुलीच्या दाखल्यासाठी ही माझी सहावी फेरी. कॉलेज प्रवेशाची मुदत आजच संपत होती. मी स्क्रीनकडे पाहिलं. लिनक्स! कोर्टात दहा वर्षं मी त्याच्यावरच टायपिंग करते.

“उठा जरा.”

नेटवर्क ठणठणीत होतं. कधीतरी कागद अडकला, तेव्हा कॉम्प्युटरनेच प्रिंटर थांबवून ठेवला होता. तो पुन्हा चालू करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मी केला.

पलीकडे हेडमास्तरांच्या खोलीतल्या प्रिंटरची घरघर सुरू झाली, ती थांबेचना. हेडमास्तर हातात कागद घेऊन बाहेर आले.

“एका मुलीचे सहा दाखले?”

“फेरीला एक, सर,” मी म्हणाले. “सही एकावर केलीत तरी चालेल.”