रेनचं शेवटचं पान

“मग डॉक्टरनं मेलेल्या रेनच्या सदऱ्याची बटनं सोडली,” शिवकन्या म्हणाली आणि मुद्दाम थांबली.

दूध संघाच्या चारा छावणीत हिरव्या जाळीखाली जनावरं रवंथ करत होती. जानकीबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होती. शेजारची दगडाबाई आ वासून ऐकत होती.

“फुडं गं?”

“पुढं हे शेवटचं पान.” शिवकन्येनं मोठं करून छापून आणलेलं चित्र समोर धरलं. “रेन जन्मानं बाई होता. वीस वर्षं गोदीत गडी म्हणून राबला, लग्न केलं, कुणाला पत्ता न्हाई.”

“अगं माय! बायकोला बी?”

“ते सांगितलंच न्हाई. जपानात तरण्या पोरींसाठी अशी चित्रकथांची पुस्तकं निघतात. शेवटी असा धक्का देतात, की बस!”

“लई इपरित बाई,” असं खुशीत म्हणत दगडाबाई उठली. चाऱ्याची गाडी आली होती.

जानकीबाई हसली नव्हती. “आन् हे कुणाला दाखवणार?”

“उद्या अंबाजोगाईला. भाषणाची स्पर्धा हाय ना माझी. दोनशे पोरं असतील. हे पान वर धरलं की सगळी चाट पडतील. पहिली आले तर थेट विद्यापीठाच्या फेरीत, आजी!”

जानकीबाईनं पान ओढून घेतलं आणि चुलीत सारलं.

“आजी!” शिवकन्या किंचाळली. शेजारची म्हैस दचकली. “आठ दिवस घातले मी त्याच्यावर! कावून जाळलं?”

“लाज न्हाई त्या चित्रं काढणारणीला. आन् तुला बी न्हाई.”

“लाज कसली त्यात? अंग एक सांगतं, मन दुसरं सांगतं. आपण कोण ते ज्याचं त्यालाच कळतं. पण तुला काय कळणार! तुझा जन्म गेला ऊस तोडण्यात.”

“मला शिकवू नगं.”

“आबा असते तर त्यांनी समजून घेतलं असतं! तू न्हाई घेणार.”

हे तिनं टोचायलाच म्हटलं होतं. आबांचं, म्हणजे आजीच्या नवऱ्याचं, तात्याबांचं नाव काढलं की आजी गप्प होते, हे तिला ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सापडलेलं पोर आबांनी आपलं म्हणून वाढवलं. ते पोर म्हणजे शिवकन्येचा बाप. ऊसतोड्यांची सोसायटी आबांनीच काढली. कचेरीत अजून त्यांचा फोटो होता, भरउन्हाळ्यातही कोट घातलेला.

तव्यावरची भाकरी करपली. जानकीबाईनं ती उलटली नाही. दगडाबाई लांब गेलीय हे तिनं बघून घेतलं, आणि मग ती बोलली. आवाज बारीक होता, पण तिखट.

“त्यो बाई व्हता म्हणून न्हाई जाळलं मी. जल्मभर त्यानं गुपित जिवापाड जपलं, आन् मेल्यावर त्या काढणारणीनं चार लोकांच्या गमतीपायी त्याला उघडं केलं. म्हणून जाळलं.”

जानकीबाईनं करपलेली भाकरी खाली काढली.

“तुझा आबा गेला तवा गावचे गडी न्हाऊ घालायला आलते. मी आतून कडी लावली. एकटीनं न्हाऊ घातलं, कापडं चढवली, मगच दार उघडलं. पंचेचाळीस वर्सं माझा गडी म्हणून जगला त्यो. गडी म्हणूनच खांद्यावर गेला.”