डोळ्यांवरचं ऊन

लांबून फेकलेला चेंडू धावता धावता झेलायचा, एवढ्या एका कसबावर टेरिल लुईझियानातल्या आपल्या गावातून अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या संघात पोचला होता. मोसमातल्या शेवटच्या सामन्यात चेंडू अगदी छातीशी आला आणि त्याने हात आखडले. संघ हरला.

पुढच्या रविवारी तो आईबरोबर चर्चला गेला. प्रार्थनेनंतर जेवताना म्हातारे क्लोव्हिसकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढा घोडा झालास, आणि अंगावर येणाऱ्या गड्याला भ्यालास होय रे?"

पंगत हसली. टेरिलने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी आईच बोलली.

"भ्यायला काय झालंय माझ्या पोराला? ऊन आलं होतं त्याच्या डोळ्यांवर."

हसू एकदम थांबलं. क्लोव्हिसकाकांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या ताटाकडे.

"हो गं ओडेसा," ते हळूच म्हणाले, "टीव्हीवरसुद्धा दिसत होतं ऊन."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. कोणीतरी टेरिलच्या ताटात तळलेल्या माशाचा मोठा तुकडा वाढला.

टेरिलची मान वर होईना. सामना बंद छपराखाली झाला होता, आणि पंगतीतल्या एकूण एकाने तो पाहिला होता.