जलपूजन

बन्सीच्या पत्राला श्रीधरपंतांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. बन्सी त्यांचा शाळासोबती. शहराच्या खालच्या अंगाला, खाम नदीच्या काठी त्याची शेती. त्यानं लिहिलं होतं, ‘श्रीधर, तुमी समदे मिळून नदी साफ करायलात म्हणं. आमच्या हिरीत तिचंच पाणी झिरपतंय. आता प्यावं का? तू लई वाचलेला माणूस. तू व्हय म्हण, उद्यापासून टँकर बंद.’

पंत नदी समितीत होते खरे, पण मागच्या खुर्चीवर. अधिकारी, कारखानदार, प्राध्यापक, स्वयंसेवक सगळे एकदिलानं बोलायचे. पंतांना वाटायचं, पुस्तकांपलीकडचं आपल्याला काय कळतं? बन्सीला लिहायचं तरी काय?

शेवटी काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. काठावरच्या भिंती रंगल्या, बाकं आली आणि जलपूजन ठरलं. पूजा आटोपून गुरुजी तीर्थ द्यायला निघाले, पण पुढच्या रांगेतला एकही हात पुढं येईना.

“आधी तुम्ही, साहेब,” कारखानदार म्हणाले.

“छे छे, पहिला मान तुमचा,” अधिकारी म्हणाले.

गुरुजींच्या ध्यानात आलं. ते हसून हळूच म्हणाले, “अहो, घ्या बिनधास्त. जारचं आहे.”

मग सगळ्यांनी भक्तिभावानं तीर्थ घेतलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. पंतांनीही घेतलं.

 

घरी जाताना ते पोस्टात थांबले. एका कार्डावर त्यांनी एकच ओळ लिहिली आणि कार्ड पेटीत टाकलं.

‘बन्सी, टँकर बंद करू नकोस.’