आरती राहिली होती

वरवट बकालच्या कलगी-तुऱ्याच्या शाहिरी सामन्यात लाठ्या चालल्या आणि तुरेवाल्या अर्जुनरावांची डफ वाजवणारी बोटं मोडली. गर्दीत मारणारा सापडला नाही, म्हणून त्यांनी सामना भरवणाऱ्या भगवंतरावांवरच मलकापूरच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला. परवान्यावर सही भगवंतरावांची होती आणि खाली अट होती : कार्यक्रम संपेपर्यंत जबाबदारी अर्जदाराची.

भगवंतरावांचे वकील उत्तमराव यांना त्या अटीतच वाट दिसली. मारामारी निकाल जाहीर झाल्यानंतरची होती. "सामना संपला होता, एवढंच सांगा," त्यांनी अशिलाला दहादा पढवलं. "नाहीतर बैलजोडी विकावी लागेल."

साक्षीला उभं केल्यावर न्यायाधीशांनी नेमकं तेच विचारलं.

"नाई साहेब," भगवंतराव म्हणाले. "निकाल लागला होता. पन दोन्ही फड मिळून आरती म्हनतात, तवा आमचा सामना सरते. आरती झाली नोती."

भरपाई बसली.

बाहेर कडुनिंबाखाली उत्तमराव उखडले. "कोर्टात कुणाला ठाऊक होतं हो तुमच्या आरतीचं?"

"त्याले ठाऊक होतं ना!" भगवंतरावांनी समोर बोट दाखवलं.

अर्जुनराव वाकडी बोटं छातीशी धरून येत होते. दुसऱ्या हातानं त्यांनी कलगीवाल्यांच्या शाहिराला ओढत आणलं होतं.

"उभे राहा, भगवंतराव. आरती म्हनून टाकू," ते म्हणाले. "आनखी किती दिवस त्या सामन्याचे धनी राहसान?"

उत्तमरावांनी पायातले बूट काढले.